वर बघायचं नाही

मे महिन्याची परीक्षा ही शेवटची, असं ह्यांनी नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी कबूल केलं. म्हणजे मी म्हटलं, "अहो, पास झालात तरी बास आणि नापास झालात तरी बास. माझ्याच्यानं आता होत नाही," आणि हे गरम रश्श्यातली तांदळाची चिकट वडी चावत "हूं" म्हणाले. आमच्या घरात "हूं" म्हणजे सही-शिक्का. मला बघून गेल्यावर मध्यस्थाला ह्यांनी एवढंच उत्तर दिलं होतं, आणि त्याच्यावर आमचा अख्खा संसार उभा आहे.

परीक्षा केंदोची. बांबूची तलवार, तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा, छातीला कवच आणि पाय अनवाणी. या विद्येत पायऱ्या असतात. सातव्या पायरीपर्यंत माणूस घाम गाळून पोचतो. ह्यांनीही गाळला आणि धुतला मी. आठवीला नुसता घाम पुरत नाही. वर्षातून दोनदा, मे महिन्यात क्योटोला आणि नोव्हेंबरात टोकियोला, पांढऱ्या केसांची हजारावर माणसं तलवारीच्या पिशव्या खांद्याला लावून जमतात. त्यातली दहा-बारा पास होतात. उरलेली गपचूप सामान बांधतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा तीच तोंडं तिथे दिसतात. आमचे हे बारा वर्षं त्या उरलेल्यांत होते. पहिली फेरीसुद्धा कधी ओलांडली नव्हती. का नापास केलं ते कोणी सांगत नाही. फळ्यावर नंबर लागतो किंवा लागत नाही.

कुरायोशीच्या पाणीपुरवठा खात्यात ह्यांची सगळी नोकरी झाली. लोखंडी काठी रस्त्याला टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठे गळतोय ते ऐकायचं, हे ह्यांचं काम. गावातल्या कुठल्याही गल्लीतली गळती ह्यांना ऐकू यायची. घरात बायको गळून गेली तर ते ऐकू येत नसे. हे मी ह्यांना तोंडावर म्हटलेलं आहे. तेव्हाही उत्तर एकच.

रोज पहाटे अंगणात नासपतीच्या झाडासमोर उभं राहून हे तलवार फिरवायचे. सूं, सूं, सूं. बर्फ पडला तर आधी खोऱ्यानं बर्फ बाजूला सारायचे आणि मग सूं, सूं. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, सासूबाई केर काढतायत की काय, आणि धडपडत उठायचे. पुढे कळलं, पण झोप काही परत आली नाही. निळीत रंगवलेले ते जाड अंगरखे धुऊन माझी नखं निळी झाली. घरात एक टॉवेल पांढरा उरला नाही. हातमोज्यांच्या वासाचं तर विचारूच नका. आंबवलेलं सोयाबीन आम्ही आवडीनं खातो, पण ते उन्हात विसरलं तर काय होईल, तसं.

आणि नोव्हेंबर! आमच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात खेकड्यांचा हंगाम सुरू होतो. सगळं गाव खेकडे फोडत बसलेलं असतं आणि मी टोकियोच्या हॉटेलात ह्यांच्या टाचेला शेक देत असते. या वर्षी मी ठरवून टाकलं होतं. मिसासाला गरम पाण्याच्या झऱ्यावर दोन दिवस जाऊन राहायचं, पोटभर खेकडे खायचे आणि पाण्यात पाय सोडून काहीएक करायचं नाही. मिसासा आमच्या दारातून बसनं अर्ध्या तासावर आहे. लग्न झाल्यापासून गेलेलो नाही.

"मग आई, तू जातेस कशाला त्यांच्याबरोबर?" कानाए दर वेळी विचारायची. कानाए आमची एकुलती एक. ओसाकाला दातांच्या दवाखान्यात असते, आणि तिची जीभ तिथल्या हत्यारांपेक्षा धारदार आहे.

"टाचेला पट्टी कोण बांधणार?" मी म्हणायचे.

ते खरंच होतं. ह्यांच्या डाव्या टाचेची शीर दोनदा दुखावलेली. हे स्वतः बांधायला गेले की पट्टी वाकडी जाते आणि अर्ध्यात सुटते. म्हणून सकाळी हॉटेलात मी पट्टी बांधायची, मग हॉलमध्ये वर गॅलरीत जाऊन बसायचं आणि दिवस ढकलायचा. क्योटोला माझी जागा ठरलेली, जिन्याजवळच्या खांबाशी, कारण तिथून बाथरूम जवळ. मी कुठे बसते ते ह्यांनी कधी विचारलं नाही. हे खाली झुंजीला उतरले की मान वर करून बघितल्याचंही मला आठवत नाही. इतकी वर्षं मी त्या खांबाशी बसले, आणि मला वाटायचं, ह्यांच्या लेखी मी आणि खांब सारखेच.

या वेळी कानाएही आली. "शेवटचा खेळ आहे ना, मग बघून घेते," म्हणाली. तिचं येणं साधं नव्हतं. तिनं केंदोच्या हॉलमध्ये चौदाव्या वर्षानंतर पाऊल टाकलेलं नव्हतं.

ती लहानपणी ह्यांच्याच हाताखाली शिकली. हात चांगला होता, हे मला सुद्धा कळायचं. शाळांच्या जिल्हा स्पर्धेत अंतिम सामना बरोबरीत आला आणि शेवटची झुंज हिच्यावर आली. हिनं समोरच्या मुलीच्या डोक्यावर असा घाव घातला की सगळ्या पंचांची निशाणं एकदम वर गेली. आणि पोर आनंदानं उडी मारून मूठ उंचावून ओरडली. झालं. पंचांनी निशाणं खाली घेतली, गुण काढून घेतला. केंदोत घाव बसला म्हणजे संपलं नाही. घाव बसल्यावर वळायचं, तलवार समोर धरायची आणि काही झालंच नाही असं उभं राहायचं. समोरचा हरलेला असतो, त्याच्यापुढे नाचायचं नाही. आनंद दाखवला की गुण गेला. पुढे तीच मुलगी हिला मारून गेली आणि शाळा हरली.

गाडीतून घरी येताना हिचे डोळे सुजलेले होते. हे स्टेअरिंग धरून एवढंच म्हणाले, "घाव घालून झाल्यावर माणूस कळतो." ह्यांच्या गुरूंचं वाक्य. मी मागून ह्यांच्या सीटला गुडघा मारला, म्हटलं, "अहो, पोर आहे. काहीतरी चांगलं बोला." हे म्हणाले, "नियम आहे." कानाएनं घरी येऊन सगळं सामान कोठारात टाकलं आणि पुन्हा हात लावला नाही. बापाशी बोलायची, पण हवापाण्याचं.

तर त्या दिवशी आम्ही दोघी खांबाशी बसलो होतो. थर्मासमध्ये सातूचा चहा, डब्यात खारवलेलं आलुबुखार घातलेले भाताचे गोळे. खाली रांगाच रांगा, सगळे निळे, सगळे म्हातारे. वरून ओळखायचं तर छातीच्या खाली कापडावर लिहिलेल्या नावावरून.

"कुवामोतो, कुवामोतो," कानाए शोधत होती. "सापडले. आई, बाबा किती बारीक झालेत गं."

"टाचेमुळे जेवण कमी केलंय. वजन नको पडायला म्हणून."

"आणि तू? तू कशामुळे बारीक झालीस?"

"मी कुठे झाले? डोळे तपास."

ह्यांची पाळी आली. दोन झुंजी, दोन वेगवेगळे प्रतिस्पर्धी, प्रत्येकी जेमतेम दोन मिनिटं. एवढ्यासाठी सहा महिने. मी हे इतक्यांदा बघितलंय की डोळे मिटूनही सांगेन. पण या वेळी काहीतरी वेगळं होतं. दर वेळी हे पुढे सरसावतात, घाव टाकतात, चुकला तर दुसरा टाकतात, नोकरीत हजेरी लावल्यासारखे. या वेळी हे काही करतच नव्हते. नुसते उभे. समोरचा इकडून तिकडून हूल देतोय आणि हे आपले जमिनीखालचं पाणी ऐकत असल्यासारखे उभे. मग एकदम एकच घाव. दुसऱ्या झुंजीतही तेच.

"हे काय करतायत?" कानाए कुजबुजली.

"थकलेत," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं.

तास-दीड तासानं फळ्यावर कागद लागला. मी उठले नाही. बारा वर्षांत त्या फळ्याजवळ जाऊन मला काही मिळालं नव्हतं. कानाए गेली. गेली ती जिन्यानं दोन-दोन पायऱ्या चढत परत आली.

"आई! आई, लागलाय!"

"काय लागलंय? कुठे? रक्त येतंय का?"

"नंबर लागलाय! बाबांचा!"

मी खाली गेले तेव्हा हे फळ्याजवळ नव्हतेच. भिंतीशी बसून टाच दाबत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. "अहो, नंबर लागला की तुमचा!"

"हूं," हे म्हणाले. "पट्टी सैल झालीये."

मग काय, बसले जमिनीवर आणि बांधली पट्टी. आजूबाजूला नापास झालेले लोक एकमेकांकडे न बघता पिशव्या बांधत होते. दर वेळी आम्हीही त्यांच्यातच असायचो, म्हणून मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं. बांधून झाल्यावर हे उठले आणि काही न बोलता निघून गेले. मला वाटलं, एकदा तरी मागे वळून बघतील.

दुसऱ्या फेरीला हॉल रिकामा झालेला असतो. हजारांतले मूठभर उरलेले. परीक्षक जास्त, आवाज कमी. गॅलरीत कोणी टाळीही वाजवत नाही. मी देवाचं नाव घेतलं का? घेतलं. पण काय मागितलं ते मला आज सांगता येणार नाही, कारण मलाच कळत नव्हतं. पास व्हावेत म्हणजे सुटले, असंही वाटत होतं, आणि काहीही होवो पण ती टाच शाबूत राहो, असंही.

पहिली झुंज बरी झाली. दुसऱ्या झुंजीतला माणूस उंच होता, ह्यांच्याहून तरणा दिसत होता. दोघं वाकले, पुढे आले, तलवारीची टोकं एकमेकांना टेकली. आणि थांबले. किती थांबले! कानाएनं माझा हात धरला. समोरच्याची तलवार तिळभर हलली असेल, मला तर दिसलंही नाही, आणि हे गेले. उडी नाही, जोर नाही. दार उघडं होतं म्हणून माणूस आत जातो तसे गेले. "मेन!", म्हणजे डोकं, असा ह्यांचा आवाज घुमला आणि डोक्यावर घाव वाजला. असा स्वच्छ आवाज मी या हॉलमध्ये कधी ऐकला नव्हता. परीक्षकांतला एक जण खुर्चीत पुढे झुकला. मला केंदोतलं ओ की ठो कळत नाही, पण घरात रोज सूं-सूं ऐकणाऱ्या बाईला एवढं कळतं. हे आयुष्यभर जे शोधत होते ते आत्ता झालं.

आता वळायचं, तलवार समोर धरायची, शांत उभं राहायचं. बस, तेवढंच.

हे वळले आणि ह्यांनी मान वर केली.

त्या लोखंडी जाळीतून नुसते डोळे वर करून काही दिसत नाही, मुखवट्यासकट मान वर करावी लागते. साऱ्या हॉलनं बघितलं. ह्यांनी गॅलरीत इकडे-तिकडे शोधलं नाही. सरळ खांबाकडे बघितलं, सरळ माझ्याकडे. तलवार हातात सैल होती.

मी हात झटकून खूण केली, पुढे बघा, अहो, पुढे बघा! तोवर तो उंच माणूस वळून आला होता आणि त्यानं ह्यांच्या डोक्यात एक सणसणीत ठेवून दिली.

कानाएच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. मी वळून बघितलं तर तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हसतेय की रडतेय ते मला ठरवता येईना.

नंबर लागला नाही, हे काय सांगायचं.

माझा संताप संताप झाला होता. लग्नात बघितलं नाहीत, कानाए झाली तेव्हा दवाखान्यात येऊन आधी खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघितलंत, माझं पित्ताशय काढलं तेव्हा डॉक्टरकडे बघत होतात, आणि बघायला मुहूर्त मिळाला तो हा! हे सगळं तोंडावर म्हणायचं ठरवून मी खाली उतरले.

हे सामान बांधून उभे होते. कपाळावर मुखवट्याचे वळ, गाल निळीनं माखलेले. माझ्या आधी कानाए पुढे झाली. आता ही काय बोलणार म्हणून मी तिची बाही धरायला गेले.

"बाबा," ती म्हणाली, "घाव घालून झाल्यावर माणूस कळतो म्हणे."

हे तिच्याकडे बघत राहिले. मग पिशवी खाली ठेवून ह्यांनी आपल्या मुलीला कमरेत वाकून नमस्कार केला, प्रतिस्पर्ध्याला करतात तसा.

"तुझा तो घाव चांगला होता," हे म्हणाले. "जिल्ह्याचा. फार चांगला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं."

कानाएनं ह्यांची पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली आणि स्टेशनपर्यंत दिली नाही.

गाडीत आम्ही तिघं ओसाकापर्यंत बरोबर होतो. कानाए ह्यांना चिडवत होती, "बाबा, वर बघून आईला काय विचारत होतात, गॅस बंद केला का?" हे "हूं, हूं" करत होते, पण वेगळ्या सुरात. ओसाका आलं, ती उतरली आणि तिनं फलाटावरून काचेवर टकटक करून मूठ उंचावून उडी मारली, जशी त्या दिवशी मारली होती. चाळिशीला आलेली बाई! लोक बघत होते. ह्यांनी काचेच्या आतून हात वर केला.

गाडी सुटल्यावर हे क्योटोहून घेतलेला खारवलेल्या मासळीच्या भाताचा डबा उघडून खाऊ लागले. डबा संपवला. मग माझ्या डब्याकडे बघू लागले. मी अर्धा दिला.

"नापास झालात," मी म्हटलं. "माहीत आहे ना?"

"हूं."

"मग एवढी भूक कशी लागते माणसाला?"

हे भाताचं शेवटचं शीत उचलून म्हणाले, "पुढे सरकलो गं."

"कुठे सरकलात? होतात तिथेच आहात. सातवी पायरी."

"पहिली फेरी झाली. आणि तो घाव आला. आतापर्यंत आला नव्हता." आणि मग ह्यांनी खिडकीकडे बघत विचारलं, "बघितलास ना?"

"बघितला," मी म्हटलं. "मी बघितला का, ते बघायला मान वर केलीत?"

"हूं."

"आणि मी कुठे बसते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"क्योटोला खांबाशी," हे म्हणाले. "टोकियोला दाराच्या वरच्या बाकावर."

हे पुढे बोलत राहिले, आणि ह्यांच्या मानानं हे भाषणच होतं. "दर वेळी बघतो. वाकायच्या आधी. मुखवटा चढवायच्या आधी. एकदा टोकियोला तू जागेवर नव्हतीस."

"बाथरूमला गेले असेन."

"मग थांबलो. दोऱ्या सैल झाल्यासारखं दाखवलं, पुन्हा बांधत बसलो. तू आलीस, मग उठलो."

बोगदा आला, काचेत माझं तोंड दिसलं, आणि ते मला बघवेना म्हणून मी थर्मास उघडला. चहा संपलेला होता. बारा वर्षं मला वाटत होतं की हा माणूस आतून जळतोय, बोलत नाही एवढंच. प्रत्येक परतीच्या गाडीत मी ह्यांच्या वतीनं दुःख करत बसायचे, आणि हे माझ्या शेजारी लहान मुलासारखे गाढ झोपायचे. मी म्हणायचे, बिचारे, दमले. बिचारे कसले! ह्यांना रोज पहाटे नासपतीच्या झाडासमोर थोडं थोडं पुढे सरकल्याचं समाधान मिळतच होतं, पुरवून खायला. नापास हे होत होते आणि थकत मी होते.

राग आला का? आला. अजून थोडा आहे. ही गोष्ट घरी येऊन सांगायला ह्यांचं तोंड कोणी शिवलं होतं का?

रात्री घरी पोचलो. मी अंगरखे पाण्यात भिजत टाकले आणि पडले ती मेल्यासारखी झोपले.

पहाटे नेहमीच्या वेळेला जाग आली. आवाज नव्हता. मी पडून राहिले. वाटलं, उठतील आता. नाही. शब्द दिला होता ना, मे महिन्याची शेवटची म्हणून, तो पाळत होते. इतकी वर्षं मी या शांततेची वाट बघितली होती, आणि आता ती मिळाली तर कूस बदलून बदलून माझी मान आखडली. शेवटी उठले.

हे ओसरीवर बसले होते. बांबूच्या तलवारीची बांधणी सोडून तिच्या पट्ट्या वेगळ्या केल्या होत्या आणि एकेकीला तेल लावत होते, कायमची ठेवून देताना लावतात तसं भरपूर. माझी चाहूल लागली तरी मान वर केली नाही. मी शेजारी बसले. माझे गुडघे वाजले. नासपतीच्या झाडाखाली ह्यांच्या पायांनी झिजून दोन खळगे पडलेत, त्यांत दव साठलं होतं.

मी खूप हिशेब केला हो मनातल्या मनात. निळे टॉवेल, तो वास, ती टाच, मिसासाचं गरम पाणी. एका बाजूला हे सगळं. आणि दुसऱ्या बाजूला एवढंच, की "हूं"पासून सुरुवात करून हा माणूस एवढ्या वर्षांत मान वर करण्यापर्यंत आला. या वेगानं ऐंशीव्या वर्षी हे माझ्याशी बोलायला लागतील. आत्ता सोडायला लावलं तर इथेच थांबायचं.

"तेल पुसा ते," मी म्हटलं. "नोव्हेंबरात टोकियोला जायचं नाही का?"

ह्यांचा हात थांबला. "तुला शब्द दिलाय."

"कधी दिलात? हूं म्हणालात. हूं म्हणजे काय शब्द असतो?"

"खेकडे?"

"हंगाम मार्चपर्यंत असतो. परीक्षा झाली की जाऊ. मी काही तुम्हाला सोडणार नाही, मिसासाला नेल्याशिवाय." मला खोल सुस्कारा आला आणि मी तो दाबला नाही. आणखी सहा महिने ते धुणं, ती पट्टी, ती हॉटेलची कडक उशी. "पण एक सांगून ठेवते. मी दाराच्या वरच्या बाकावरच बसणार. आणि झुंज चालू असताना पुन्हा मान वर केलीत ना, तर तिथल्या तिथे खाली उतरून तुमच्या मुस्काटात देईन. त्या परीक्षकांसमोर."

हे तेलाचं फडकं हातात घेऊन बराच वेळ विचार करत राहिले. पाणी कुठे गळतंय ते ऐकताना करायचे तसा.

"वाकायच्या आधी?" ह्यांनी विचारलं.

"वाकायच्या आधी चालेल," मी म्हटलं.